‘रेड’: सीमेपलीकडे जाऊन परत येण्याचा शब्द

नमस्कार ताई,

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही स्कॉटलंडच्या सोळाव्या शतकाच्या इतिहासावरील एका पुस्तकाचा मराठी अनुवाद करत आहात. त्यात ‘रेड’ हा शब्द सारखा येतो. तुम्ही सगळीकडे ‘छापा’ लिहीत गेलात आणि ‘रेड ऑफ रुथवेन’पाशी अडलात, कारण तिथे कोणी कोणावर छापा घातलेलाच दिसत नाही. मग या शब्दाचा मूळ अर्थ काय, आणि मराठीत नेमके काय लिहावे?

अनुवाद आणि कोशाच्या कामात मला तीस वर्षे झाली. सुरुवातीच्या काळात याच शब्दाला मी एका लेखात सरसकट ‘दरोडा’ लिहून मोकळा झालो होतो. छापून आल्यावर ते मला इतके खटकले की मी त्या शब्दाच्या मागेच लागलो. म्हणून जरा सविस्तर लिहितो. एका शब्दात सांगता येईल असे उत्तर नाही, कारण ज्या काळात तो शब्द जिवंत होता त्या काळात त्याची व्याप्ती आजच्यापेक्षा बरीच मोठी होती.

पहिली गोष्ट, हा शब्द आज इंग्रजी म्हणून जगभर चालतो, पण त्याचे हे रूप स्कॉटलंडचे आणि उत्तर इंग्लंडचे आहे. जुन्या इंग्रजीत ‘राड’ असा शब्द होता (आपल्या ‘राडा’शी त्याचा काही संबंध नाही). त्याचा अर्थ घोड्यावर बसून जाणे, घोडदौड, प्रवास, आणि त्यातूनच घोडदळाची मोहीम. पुढे दक्षिणेत त्यातला ‘आ’ बदलून ‘ओ’ झाला, आणि ‘राड’चा ‘रोड’ झाला. उत्तरेत तसे झाले नाही. दगडाला दक्षिणेत ‘स्टोन’, उत्तरेत ‘स्टेन’. घराला दक्षिणेत ‘होम’, उत्तरेत ‘हेम’. हाडाला तिकडे ‘बोन’, इकडे ‘बेन’. आपल्याकडे देशावरचा ‘डोळा’ वऱ्हाडात ‘डोया’ होतो, ‘काळा’चा ‘काया’ होतो, तसाच हा नेमाने होणारा बदल आहे. त्याच नेमाने दक्षिणेत ‘रोड’ आणि उत्तरेत ‘रेड’. म्हणजे मराठीत आपण रोज वापरतो ते रोड आणि रेड हे दोन्ही शब्द एकाच पोटचे आहेत.

‘रोड’चा आजचा ‘रस्ता’ हा अर्थ तर फार उशिरा, सोळाव्या शतकाच्या अखेरीस रुळला. त्याआधी ‘रोड’ म्हणजेही स्वारीच होती. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात, सत्ताविसाव्या अध्यायात, आखीश राजा दाविदाला विचारतो, की आज तुम्ही कुठे ‘रोड’ केला? तो रस्ता बांधल्याची चौकशी करत नाही, आज कुठे धाड घालून आलात हे विचारतो. ‘इनरोड’, म्हणजे आत घुसणे, या शब्दात तो जुना अर्थ अजून टिकून आहे.

आता मुख्य मुद्दा. मुळात घोड्यावरून जाणे असा अर्थ असल्यामुळे जुन्या स्कॉट भाषेत ‘रेड’ला अचानकपणाची किंवा लुटीची अट नव्हती. राजाने सैन्य जमवून काढलेली मोहीम ही रेड. सरदारांनी हत्यारबंद माणसे घेऊन केलेली चाल ही रेड. आणि चाळीस स्वारांनी रात्री डोंगर ओलांडून शेजारच्या राज्यातली गुरे हाकून आणली, तर तीही रेडच.

हा तिसरा प्रकार ज्या मुलखात मुरला होता तो इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यामधला सीमाप्रदेश. दोन्ही राज्यांनी आपापल्या बाजूचे पूर्व, मध्य आणि पश्चिम असे तीन भाग केले होते, त्यांना ‘मार्च’ म्हणत. प्रत्येक मार्चवर राजाने नेमलेला एक वॉर्डन, म्हणजे सीमेची राखण करणारा अधिकारी. १२४९ पासून या सीमेचे वेगळे, दोन्ही राज्यांना मान्य असलेले कायदे होते. इतके करूनही एस्क आणि सार्क नद्यांच्या दरम्यानचा एक पट्टा नेमका कोणाचा हे ठरतच नव्हते. ‘वादातली जमीन’ असेच त्याचे नाव. १५५२ मध्ये मधून मातीचा बांध घालून तो वाटून घेतला. इथे आर्मस्ट्राँग, ग्रॅहम, इलियट, स्कॉट अशी घराणी पिढ्यान्‌पिढ्या घोड्यावर जगली. त्यांना ‘रायडिंग’ घराणी, म्हणजे स्वारी करणारी घराणी म्हणत. त्या मुलखात ‘राइड’ या साध्या क्रियापदाचा अर्थच ‘धाड घालायला जाणे’ असा झाला होता.

हे समजायला एक प्रसिद्ध दंतकथा उपयोगी पडते. हार्डनचा वॉल्टर स्कॉट नावाचा एक सरदार होता. घरात आणलेले मांस संपले की त्याची बायको काही बोलायची नाही. जेवायला बसल्यावर झाकलेले ताट समोर ठेवायची. झाकण काढले की आत अन्न नाही, घोड्याला टोचण्यासाठी स्वार टाचेला लोखंडी आर बांधतात, त्या आरा मांडलेल्या. म्हणजे, उठा, घोड्यावर बसा. कथा खरी असो वा नसो, रेड हा तिथे हंगामी उद्योग होता हे त्यातून नीट कळते.

आणि हंगामी म्हणजे खरोखर हंगामी. शरद ऋतू लागला की माळ वाळलेले असत, उन्हाळाभर चरून गुरे धट्टीकट्टी झालेली असत, लांब हाकत नेली तरी टिकत, आणि रात्री मोठ्या होऊ लागलेल्या असत. तोच त्यांचा हंगाम. आपल्याकडे पाऊस सरला, नद्या उतरल्या, वाटा वाळल्या की दसऱ्याला सीमोल्लंघन करून मराठ्यांच्या स्वाऱ्या निघत. त्यामागचे कारण तेच, जमीन घोड्याला झेपेल अशी होणे. आपण आजही आपट्याचे पान देताना ‘सोने लुटले’ म्हणतो. मी दोन्हींना एकाच मापाने मोजत नाही. तिथे घराणी गुरांसाठी निघत, इथे राज्य मोहिमेवर निघे. पण ‘रेड’ या शब्दाचा मूळ भाव मराठी माणसाला परका नाही, हे तुमच्या कामाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. त्याचे कारण पुढे येईल.

ज्याची गुरे गेली त्यालाही हक्क होता, आणि तो मला सगळ्यात चित्तवेधक वाटतो. चोरी झाल्यापासून सहा दिवसांच्या आत तो सीमा ओलांडून पाठलाग करू शकत असे. याला ‘हॉट ट्रॉड’ म्हणत, म्हणजे ताजा माग. पण गुपचूप जायचे नाही. शिकारी कुत्रे आणि शिंग घेऊन, आरडाओरड करत, आणि भाल्याच्या टोकावर जळते गवताळ ढेकूळ खोचून जायचे. काळोख्या माळावर हलणारा तो विस्तव पाहिला की वाटेतल्या प्रत्येकाने ओळखायचे, ही धाड नाही, कायदेशीर पाठलाग आहे. वाटेत भेटेल त्याने मदत करणे बंधनकारक होते. आपल्याकडे गावचा रामोशी किंवा जागल्या चोराचा माग काढत शिवेपर्यंत जाई, आणि माग पुढच्या गावच्या हद्दीत पोचवून दिला की जबाबदारी त्या गावावर येई. म्हणून ‘हॉट ट्रॉड’साठी ‘ताजा माग’ हा शब्द तुम्ही बिनधास्त वापरा. ‘गरम पाठलाग’ असे काही करू नका.

आता नावाजलेल्या रेडकडे वळतो, कारण तुमची अडचण तिथेच आहे.

१५६५ मध्ये स्कॉटलंडच्या राणी मेरीने लॉर्ड डार्नलीशी लग्न केले. तिचा सावत्र भाऊ, अर्ल ऑफ मरी, त्याविरुद्ध उठला. राणी स्वतः सैन्य घेऊन निघाली. दोन्ही फौजा ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत मध्य आणि दक्षिण स्कॉटलंडभर एकमेकींच्या मागे फिरल्या आणि लढाई एकदाही झाली नाही. शेवटी मरी इंग्लंडला पळून गेला. याचे नाव ‘चेसअबाउट रेड’. इथे छापा कुठे आहे? लूटही नाही. केवळ घोड्यावरची फिरती मोहीम, म्हणजे शब्दाचा अगदी मूळ अर्थ.

१५८२ च्या ऑगस्टमधली रुथवेनची रेड त्याहून वेगळी. राजा सहावा जेम्स तेव्हा सोळा वर्षांचा. पर्थजवळच्या रुथवेनच्या गढीत, जिला आज हंटिंगटॉवर म्हणतात, अर्ल ऑफ गाउरी आणि त्याच्या साथीदारांनी त्याला पाहुणा म्हणून बोलावले आणि मग जाऊच दिले नाही. राजा सुमारे दहा महिने त्यांच्या ताब्यात होता. जून १५८३ मध्ये तो निसटला, आणि पुढच्या वर्षी गाउरीचे डोके उडवले गेले. हे सरदारांनी शस्त्रबळावर केलेले सत्तांतर होते. ‘छापा’ लिहिले तर वाचकाला वाटेल की कोणी रात्री गढीवर चालून गेले. ‘दरोडा’ तर साफ चूक. मराठीत दरोडा हा गुन्हा आहे, आपल्या कायद्यात त्याला पाच किंवा अधिक माणसे लागतात, आणि तो शब्द लिहिताक्षणी राजकारण बाजूला पडून चोरी समोर येते. माझा सल्ला असा, की इथे ‘रुथवेनची रेड’ हे नाव तसेच ठेवा. पहिल्यांदा येईल तिथे ‘सरदारांनी हत्यारबंद माणसांच्या जोरावर राजाला ताब्यात घेतले तो प्रसंग’ असे एका वाक्यात सांगा. नावाचे भाषांतर केलेच पाहिजे असे नाही.

१५९६ ची गोष्ट मात्र ‘छापा’ या शब्दासाठीच घडल्यासारखी आहे. विल्यम आर्मस्ट्राँग, ऊर्फ किनमाँट विली, हा नामचीन धाडकरी. मार्च महिन्यात दोन्ही बाजूंचे अधिकारी तहाच्या दिवशी भेटले. त्या दिवशी कोणी कोणाला हात लावायचा नाही असा करार असे. भेट आटोपून घरी परतणाऱ्या विलीला इंग्रजांनी पकडले आणि कार्लाइलच्या किल्ल्यात डांबले. लिड्सडेल या सीमेवरच्या स्कॉट खोऱ्याचा अधिकारी बक्लूचा वॉल्टर स्कॉट (मघाचा हार्डनचा स्कॉट वेगळा) याने तक्रारी केल्या, त्या वाया गेल्या. तेव्हा १३ एप्रिलच्या रात्री, मुसळधार पावसात, मूठभर स्वार घेऊन तो सीमा ओलांडून आला, किल्ल्यात शिरला आणि विलीला घेऊन पहाटेपर्यंत परत गेला. किल्ला घ्यायचा त्याचा विचारच नव्हता. इंग्लंडची राणी एलिझाबेथ इतकी संतापली की दोन राज्यांत मोठा पेच उभा राहिला. इथे तुम्ही ‘कार्लाइलवरील छापा’ लिहा. लाल महालातला १६६३ चा छापा माहीत असलेल्या वाचकाला पुढे काही समजावावे लागणार नाही.

सात वर्षांनी, १६०३ मध्ये, एलिझाबेथ वारली आणि तोच जेम्स दोन्ही राज्यांचा राजा झाला. सीमा पूर्वीसारखी उरली नाही. जेम्सने त्या प्रदेशाला ‘मधले परगणे’ असे नवे नाव दिले, धाडकऱ्यांना फासावर चढवले, ग्रॅहमांपैकी कित्येकांना आयर्लंडला हाकलले. उद्योग बंद पडला आणि त्याबरोबर शब्दही झोपी गेला. सतराव्या शतकात ‘रेड’ हा शब्द इंग्रजी लिखाणातून जवळजवळ नाहीसा झाला.

त्याला जागे केले कवी आणि कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉटने. हा त्याच हार्डनच्या स्कॉटचा, ताटातल्या आरांवाल्याचा, वंशज. वकिली शिकलेला हा तरुण १७९२ पासून सात वर्षे लिड्सडेलच्या दऱ्याखोऱ्यांत घोड्यावरून फिरला, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडून सीमेवरचे पोवाडे उतरवून घेतले, आणि या फेऱ्यांना तो कौतुकाने ‘रेड’च म्हणायचा. मग १८०५ च्या दीर्घकाव्यात आणि १८१८ च्या कादंबरीत त्याने तो शब्द वापरला. त्याचे लेखन साऱ्या इंग्रजी जगात वाचले जात होते, त्यामुळे स्कॉटलंडच्या कोपऱ्यातला, दोनशे वर्षे निजलेला शब्द पुन्हा प्रचारात आला. पण आला तो थोडा आक्रसून. राजाची मोहीम, सरदारांची चाल हे अर्थ मागे पडले आणि ‘अचानक हल्ला’ एवढाच पुढे आला. म्हणून तुमचा घोटाळा झाला. तुमच्या मनात स्कॉटनंतरचा अर्थ आहे, आणि पुस्तकात स्कॉटच्या आधीचा.

पुढचा प्रवास तुम्हाला ठाऊक आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात घोडदळाच्या हल्लेखोरांना ‘रेडर’ म्हणू लागले, १८७० च्या दशकापर्यंत पोलिसांच्या झडतीलाही ‘रेड’ चिकटला, आणि पहिल्या महायुद्धात तो विमानात बसला. आपल्याकडे तो आयकर खात्याच्या पाठोपाठ घरोघरी पोचला. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १३२ मध्ये मात्र ‘रेड’ नव्हता, ‘झडती आणि जप्ती’ असे शब्द होते. ‘रेड’ हा लोकांनी ठेवलेला शब्द.

आणि लोकांनी तो मराठीत कसा बसवला ते पाहा. ‘रेड पडली’ असे आपण म्हणतो, स्त्रीलिंगी आणि ‘पडणे’ या क्रियापदाबरोबर. हा साचा ‘धाड’चा आहे. धाड पडते, छापा पडतो. मराठीला आतून कळले की हा शब्द कोणाच्या जागी आला आहे. ‘धाड’ हा आपला जुना, रसरशीत शब्द. ‘टोळधाड’मध्ये तो आहे, ‘तुला काय धाड भरलीय?’ असे आई वैतागून विचारते तिथेही आहे. सीमेवरच्या घराण्यांच्या रोजच्या गुरेचोरीसाठी मी डोळे मिटून ‘धाड’च लिहीन.

पण राजाच्या मोहिमेसाठी? तिथे ‘स्वारी’. आणि ती केवळ सोयीची म्हणून नव्हे. फारसीतून आलेला ‘स्वार’ म्हणजे घोड्यावर बसलेला, त्यावरून ‘स्वारी’ म्हणजे घोड्यावर बसणे, आणि मग मोहीम. ‘कर्नाटकची स्वारी’ म्हणताना आपल्याला घोडा आठवतही नाही. ‘राड’पासून ‘रेड’ झाला तो नेमका याच वाटेने. एका भाषेने दुसरीकडून हा अर्थ घेतलेला नसताना, घोड्यावर जगणाऱ्या दोन समाजांनी एकच उडी घेतली. ‘चेसअबाउट रेड’ला ‘धावाधावीची स्वारी’ म्हटले तर मूळचा अर्थ आणि मूळचा घोडा दोन्ही शाबूत राहतात. मला यापेक्षा चांगला प्रतिशब्द सुचलेला नाही.

राहिला चौथा शब्द, चढाई. तो मी इतिहासात वापरणार नाही, पण ‘रेड’ समजून घ्यायला त्याच्याइतका उपयोगी दुसरा नाही. टीव्हीवर कबड्डीचे सामने बघताना समालोचक ‘रेड’, ‘रेडर’ म्हणतात ते आपल्या मैदानातल्या ‘चढाई’चे भाषांतर. एकटा खेळाडू मध्यरेषा ओलांडतो, तीस सेकंद, दम टिकवून, कोणाला तरी शिवतो आणि परत यायला धडपडतो. शिवणे पुरेसे नाही. परत आपल्या अंगणात पाय टेकला तरच गुण. पलीकडे राहून जमीन जिंकणे हा त्याचा हेतूच नाही. सीमेवरच्या स्कॉट धाडकऱ्याच्या रेडचा सारा हिशोब हाच होता, सीमा ओलांडायची, शिवायचे आणि जिवंत परत यायचे. स्कॉटलंडमध्येच जन्मलेला डॉक्टर जेमसन १८९५ च्या डिसेंबरात सुमारे सहाशे माणसे घेऊन दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालमध्ये घुसला आणि चार दिवसांत तिथेच शरण गेला. इतिहासात त्याची ‘जेमसन रेड’ फसलेली म्हणून नोंदली गेली, कारण ज्या उठावाच्या भरवशावर तो गेला तो झालाच नाही, आणि परत येणेही जमले नाही. तुमच्या पुस्तकात कुठे ‘रेड’नंतर सैन्य तिथेच ठाण मांडून राहिल्याचे आले, तर थबका आणि ‘आक्रमण’ किंवा ‘चाल’ हवी का ते तपासा.

जाता जाता दोन शेजारशब्द. ‘ब्लॅक मेल’ तुम्हाला याच प्रकरणांत भेटेल. यातला ‘मेल’ हा टपाल नव्हे, स्कॉट भाषेत त्याचा अर्थ खंड, भाडे. धाड घालू नये म्हणून शेतकऱ्याने धाडकऱ्याला द्यायचा काळा खंड, तो ब्लॅक मेल. १५६७ मध्ये स्कॉटलंडने आणि १६०१ मध्ये इंग्लंडने त्याविरुद्ध कायदे केले. इथे ‘खंडणी’ लिहा. ‘चौथ’ लिहायचा मोह होतो, पण चौथाईला राज्याचा दावा, ठरलेला हिस्सा आणि सनदांचा आधार होता, त्यामुळे ती बरोबरी मला मान्य नाही. ‘स्लोगन’ही तिथलाच, गेलिक भाषेतला, ‘सैन्याची हाक’. तिथे ‘घोषवाक्य’ नको, ‘रणघोष’ हवा.

शेवटची एक जागा, जिथे मी स्वतः जाऊन थांबलो आहे म्हणून सांगतो. १५७५ च्या ७ जुलैला इंग्रज वॉर्डन सर जॉन फॉर्स्टर आणि स्कॉट अधिकारी सर जॉन कार्माइकल तहाच्या दिवशी भेटले, एका चोराला हवाली करण्यावरून शब्दाला शब्द लागला, बाण सुटले, स्कॉटलंडच्या बाजूच्या जेडबर्ग गावचे लोक ओरडत येऊन पोचले आणि स्कॉटांनी फॉर्स्टरलाच धरून नेले. ही ‘रेड ऑफ द रीड्सवायर’. ती जागा आज कार्टर बार म्हणून ओळखली जाते. रस्त्याच्या कडेला एक मोठा दगड उभा आहे, त्याच्या एका अंगाला ‘इंग्लंड’ कोरले आहे, दुसऱ्या अंगाला ‘स्कॉटलंड’. दोन्हीकडे उतरत गेलेले माळ, आणि वारा इतका की बोललेले ऐकू येत नाही. तुमच्या मसुद्यात ‘रीड्सवायरचा छापा’ आहे. तिथे छापा नव्हता, ठरवून झालेली भेट चिघळली होती, म्हणून ‘लढाई’ किंवा ‘चकमक’ करा. आणि ‘स्वायर’ म्हणजे जुन्या भाषेत मान, त्यावरून डोंगराची मान, खिंड. तेव्हा मथळा ‘रीड खिंडीतली चकमक’ असा ठेवा.